उष्टी हळद
ओल्या हळदीचा वास आला की मला पिंगळीचा तो मांडव आठवतो. निजामाचं राज्य होतं आणि घरात काकाचं लग्न होतं. नवरदेवाची उष्टी हळद बिनलग्नाच्या पोरींना लावायची रीत, म्हणून आम्ही परकरी पोरी ओळीनं बसलो होतो. शेवटी आत्या येऊन बसली. तिचे केस पिकायला लागले होते, पण बुद्धी लहानपणीच थांबलेली. "मला बी लावा, मला बी नवरा पायजे," ती म्हणाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीच लावीना, तेव्हा तिनं स्वतःच वाटीत हात घालून दोन्ही गालांना हळद फासली. लय देखणी दिसली. तिला सांभाळायला ठेवलेल्या बाईनं तिला दंडाला धरून हौदावर नेलं आणि राखेनं घासून गाल लालभडक केले. "हिला असलं सुचूच द्यायचं न्हाई. लेकरू हाय ते," ती माझ्या आईला म्हणाली, आणि त्याच ओल्या हातानं तिनं मला हळद लावली. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न लागलं, तेव्हा माझे दुधाचे दात अजून पडायचे होते. आता तोंडात एक दात उरला नाही, तरी बाईचं ते बोलणं डाचतं. लेकरू म्हणे आत्या होती.