उलाळ

निमोण्याच्या अलीकडे माळावर एक खाजगी धावपट्टी आहे. तिथं एका कारखानदाराचं चार माणसांचं विमान मी सहा वर्षं उडवलं. शेडवर राखणीला एक मामा असायचे. त्यांच्या आजोबांनी मेंढरं वळली, मामांनी कांदा पिकवला आणि उतारवयात ते विमान राखत बसले. माझा स्वभाव तिखट. विमानातलं काही मी त्यांना कधी समजावून सांगितलं नाही. सांगून कळणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आज त्याची लाज वाटते.

लहान विमानात वजन किती, इतकंच बघून भागत नाही. ते कुठं ठेवलंय हेही बघावं लागतं. मागं जड झालं की नाक वर जातं, वेग पडतो, पंखांखालचा आधार सुटतो आणि मग फार काही करता येत नाही. म्हणून दर उड्डाणाआधी माणसं, इंधन, सामान यांची वजनं मांडून कागद भरायचा असतो. त्या दिवशीही मी तो भरला, पण अंदाजानं.

मालकांचे व्याही आणि व्याह्यांचे थोरले भाऊ सोलापूरकडे परत निघाले होते. मालक त्यांना विमानानं पोचवणार होते. दोघंही चांगले धिप्पाड आणि दोघंही मागं बसले. मालकांच्या देखत व्याह्यांना वजन कसं विचारायचं? मी सत्तर-सत्तर किलो लिहिले, सामानाच्या रकान्यात शून्य टाकलं आणि सही केली. निघताना विमान मागं टेकल्यासारखं दिसलं होतं. मी माळाच्या उताराला दोष दिला.

धावपट्टी निम्मी व्हायच्या आतच पुढचं चाक आपणहून उचललं. मी दांडी ओढलीच नव्हती. जमीन सुटली, नाक वर जात राहिलं, मी दांडी पुढं दाबून धरली तरी ते खाली येईना. वेग उतरायला लागला आणि धोक्याचा भोंगा वाजला. मागून व्याह्यांनी विचारलं, वर हॉर्न कुणाला देताय? मालक हसले.

"दोघंही पुढं वाका," मी म्हणालो. "समोरच्या सीटला छाती लावा. बोलू नका."

माझा आवाज ऐकून ते वाकले. नाक बोटभर खाली आलं, भोंगा थांबला. समोर भीमा दिसत होती, पलीकडे दौंडकडचा ऊस. तिथवर जायची माझी छाती झाली नाही. धावपट्टीकडे परतायला इतका मोठा वळसा घेतला की मालक घड्याळाकडे बघायला लागले. विमान उतरवलं आणि मी सगळ्यांत शेवटी खाली आलो.

मागचं झाकण उघडलं. कांद्याची भरलेली गोणी, गुळाच्या दोन ढेपा आणि वरून नवी घोंगडी. मामा धावत आले.

"पाव्हणं रिकाम्या हातानं कसं धाडायचं? जीपला टाकतो तसं मागं टाकलं."

मी त्यांच्यावर तोंड सोडलं. वजन मागं गेलं की काय होतं, ते सहा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, तेही ओरडून. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी गाडी उलाळ व्हती तसं," ते म्हणाले. "बैलगाडीत मागं जड झालं की जू वर उचलतं आन् बैलाच्या गळ्याला फास बसतो. हे मला ल्हानपणापासनं ठाव हाय, साहेब. तुम्ही कवा सांगितलंच न्हाई."



दुसऱ्याच दिवशी मी मामांच्या घरचा कांद्याचा वजनकाटा शेडच्या दारात आणला. काट्यावर उभं राहिल्याशिवाय कुणी बसायचं नाही, आणि मामांनी मागं बघितल्याशिवाय विमान हलायचं नाही. दोन महिने चाललं. मग व्याही पुन्हा आले. "माणसाला कांद्यासारखं तोलता?" म्हणत ते मोटारीनं निघून गेले, आणि आठवड्याभरात माझी नोकरी गेली. मी दौंडला राहायला आलो. सोलापूरकडे जाताना ते विमान आमच्या घरावरूनच जातं. आवाज आला की मी हातातलं काम टाकून नाक बघतो.

आज सकाळी मामांचा फोन आला. काटा परत घरी नेला म्हणाले. नव्या पायलटला तो लागत नाही. व्याही आलेत, सामान मालकांची माणसंच भरतात, मामांना जवळ येऊ देत नाहीत.

"आत्ताच गेलं. मागं टेकलेलं दिसलं मला," ते म्हणाले. "उलाळ व्हतं, साहेब. म्या वरडलो, पन त्या पंख्यापुढं कोन ऐकतंय."

मी फोन कानाला धरूनच अंगणात आलो. माळावरून इथवर यायला विमानाला दहा-बारा मिनिटं लागतात. पंचवीस मिनिटं झाली तरी वर आवाज आला नव्हता, आणि आम्ही दोघांनी फोन ठेवला नव्हता.