कमांडरसाहेबांची मिशी

मातीची मिशी चिकटवून मी दोन पावलं मागे सरकले, तोच कमांडर दिघे खुर्चीतून उठले. पुतळ्याजवळ आले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे गृहस्थ कोण?"

मी म्हटलं, आपणच.

"मी नाही. मला मिशी नाही."

ते मला दिसत होतं. पण मिशीची ऑर्डर त्यांच्या कॉलनीच्या बगीच्यात पुतळा बसवणाऱ्या समितीची होती.

स्नेहलतागंजात माझा स्टुडिओ आहे. मी अर्धपुतळे करते, म्हणजे छातीपासून वरचा माणूस. इंदूरमध्ये या कामाला मरण नाही. आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. माती ओली आहे तोवर नाक, कान, स्वभाव, काहीही बदलता येतं. मग मोल्ड काढायचा, म्हणजे साचा, आणि साच्यात ब्रॉन्झ ओतायचं. त्यानंतर बदल करायचा तर हातोडाच लागतो. म्हणून मातीवरच सगळ्यांची मंजुरी घेते. माझी बहुतेक गिऱ्हाइकं फोटोतून येतात आणि तक्रार करत नाहीत. कमांडरसाहेब मात्र हयात होते, आणि पुतळ्याला त्यांनी होकार दिला होता तोही अन्नपूर्णा भागातल्या शेजाऱ्यांनी पिच्छा पुरवल्यावर.

सिटिंगला बसले की ते बोलायचे. इंदूरच्या पोराने समुद्र पाहिला तो नेव्हीत भरती झाल्यावरच. पहिले काही दिवस उलट्या केल्या, मग बोटीच्या तळाशी इंजिनांत रमले. एकाहत्तरच्या युद्धात बॉयलर रूममध्ये वाफेचा पाइप फुटला. हे आत शिरले, व्हॉल्व्ह बंद केला, बोट चालू राहिली. त्याचं शौर्यपदक मिळालं. पुढची सगळी नोकरी डॉकयार्डात पंप उघडण्यात आणि सह्या करण्यात गेली. "पदक त्या अर्ध्या तासाचं," ते म्हणाले. "बाकीच्या वर्षांचा पुतळा कोणी करत नाही, ते बरंच आहे."

समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. त्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांची चित्रं ओळीने लावलेली आहेत. त्यात एकेकाला ओळखायचं तर मिशीवरूनच, चेहरे सगळे सारखेच. वीर आणि मिशी या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच. मला या विषयाचा वैयक्तिक अनुभव नाही, म्हणून मी ऐकलं.

कमांडरसाहेबांनी कारण दिलं. आमच्या वेळी नेव्हीत दाढी-मिशी दोन्ही ठेवायची, नाहीतर काहीच नाही. नुसती मिशी ही आर्मीवाल्यांची चैन. मी आप्पासाहेबांना फोन लावला.

"अरे भिया," पलीकडून आवाज आला. भिया म्हणजे इंदुरी भाऊ; मी बाई आहे याने आप्पासाहेबांच्या 'भिया'त फरक पडत नाही. "बगीच्यात कोण रूल बुक घेऊन येतंय? बिना मिशीचा तो पोस्टमास्तर दिसेल."

मी दोघांना एकाच सकाळी स्टुडिओत बोलावलं. चहा मागवला. प्रथम मधला मार्ग म्हणून पुतळ्याला पूर्ण दाढी लावून दाखवली. नियमात बसत होती. आप्पासाहेबांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, हे तर कोणी महाराज वाटताहेत, लोक नारळ फोडतील. कमांडरसाहेबांनाही ते पटलं. दाढी काढली. मिशी परत लावली.

"आता कसं," आप्पासाहेब म्हणाले. "आता लढाईतला माणूस वाटतो."

"लढाईच्या दिवशी मी तेलात पडलेल्या प्लंबरसारखा दिसत होतो."

"ते कोणाला माहीत आहे, कमांडरजी?"

"तिघांना." कमांडरसाहेबांनी कप खाली ठेवला. "बॉयलर रूममध्ये माझ्याबरोबर होते, त्यांतले तिघे हयात आहेत. अनावरणाला येणार आहेत. आता या वयात पुन्हा भेटू असं नाही. पाटीवर हवं ते लिहा. पण त्यांच्यासमोर मी तोतया दिसता कामा नये. मिशी ठेवायचीच असेल तर मी घरी बसतो. कार्यक्रम पुतळ्याबरोबर करा."

तोतया हा शब्द आप्पासाहेबांना लागला. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, ही गोष्ट आप्पासाहेबांच्या घराण्यात परवाच घडल्यासारखी सांगतात. त्या तोतयाला ओळखायला आपला एक पूर्वज गेला होता असंही सांगतात. पुरावा कोणी मागत नाही. आप्पासाहेबांनी पुतळ्याभोवती आणखी एक फेरी मारली. मग म्हणाले, "काढा, ताई."

त्यांनी मला प्रथमच ताई म्हटलं. मी तारेने मिशी उतरवली आणि त्यांचं मन बदलायच्या आत मोल्डचं प्लास्टर कालवायला घेतलं.

अनावरणाला कॉलनीच्या बगीच्यात मांडव घातला होता. भाषणं झाली. एका वक्त्याने कमांडरसाहेबांना पाणबुडीत बसवलं, दुसऱ्याने तोफेमागे उभं केलं. बॉयलर कोणाच्याच तोंडी आला नाही. मग पडदा सरला.

ते तिघे पहिल्या रांगेतून उठून आले. केरळचे नायर, अलिबागचे म्हात्रे आणि राजस्थानचे चौहान. तिघांनाही मिशा होत्या. चौहानांची तर कानापर्यंत गेली होती. आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या झालरीकडे पाहिलं.

कमांडरसाहेब ताठ उभे होते. नायर पुतळ्याभोवती हळूहळू फिरले. मी केलेल्या गालावर त्यांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, "ये हमारे साहब हैं." म्हात्र्यांनी नुसती मान हलवली आणि डोळे पुसले. माझ्या कामाला याहून चांगली पावती मिळालेली नाही.

कमांडरसाहेबांनी श्वास सोडला तेवढ्यात आप्पासाहेबांना राहवलं नाही. त्यांनी चौहानांना विचारलं, नेव्हीत तर मिशी चालत नव्हती ना?

"सर्विस में नहीं चलती थी. पेन्शन के दूसरे दिन से चालू." चौहानांनी मिशीला हात लावला. "साहब ने भी रखी थी."

"कब?"

"रिटायर हुए तब. मुंबई में मिले थे हम लोग. साहब मूँछ बढ़ा के आए, एकदम बैंड मास्टर. हम तीनों इतना हँसे, इतना हँसे, साहब खाना छोड़ के चले गए."

तिघे पुन्हा हसायला लागले. म्हात्र्यांना तर पुतळ्याचा आधार घ्यावा लागला. कमांडरसाहेब बगीच्यातल्या बोगनवेलीची फार बारकाईने पाहणी करत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनाच हसू फुटलं, आणि या वेळी जेवण सोडून ते गेले नाहीत. चौघांनी एका टेबलावर बसून श्रीखंड संपवलं.

नेव्हीचा नियम खरा होता, तोतयाची भीतीही खरी असेल. पण जो माणूस फुटलेल्या पाइपाच्या वाफेत शिरला, तो घाबरत होता या तिघांच्या हसण्याला. तेव्हापासून गिऱ्हाईक नियम सांगू लागलं की मी वाद घालत नाही. मिशी मात्र वेगळी करून ठेवते आणि शेवटी विचारून लावते.