ओढ होती का?

बाबा पुण्याहून आमच्याकडे परदेशात, फ्लॅट बुशला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं डायनिंग टेबल बळकावलं. नायलॉनचं रीळ, शिशाची वजनं, फिरक्या आणि मधोमध गळांची डबी. लहानपण कोकणातल्या खाडीकाठी, पुढे जन्मभर पुण्यात बँकेत नोकरी. पण गळाला ते शेवटपर्यंत ‘गरी’च म्हणत. मी समुद्रात मासे धरायला नेते त्या लाल कयाकमध्ये, त्या चिंचोळ्या होडीत, गुडघ्यांमुळे बसणं त्यांना शक्य नव्हतं. तेव्हा निदान गऱ्या तरी मीच बांधणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मी स्नॅपर माशासाठी आणलेले गळ गोल होते, टोक आत वळलेले. ते पाहून बाबा वैतागले.

“याचं तोंड आतच वळलंय. मासा काय हात जोडून येणार आहे?”

“बाबा, यात हिसका मारायचा नसतो. मासा आपोआप अडकतो.”

त्यांना काही पटेना. त्यांनी भाजीची कापडी पिशवी मागवली, तिच्यात गळ टाकला आणि पिशवीचं तोंड सैलसर मुठीत धरलं. हिसका दिला तर गळ सटकन बाहेर आला. मग हळूहळू ओढला, तेव्हा तोच गळ तोंडाशी येऊन वळला आणि काठात रुतून बसला. बाबा खूश!

“ओढ जाणवली की गप्प बसायचं,” ते म्हणाले. “म्हणजे तुला हे जन्मात जमणार नाही.”

घरात तापट कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी खरोखरच हिसके मारून मासे घालवायचे.

गळाच्या दांड्यावर ते नायलॉनचे वेढे एकाला एक चिकटवून घेत, थुंकीने ओले करत आणि टोक दातात धरून आवळत. मी “शी, बाबा!” म्हटलं की म्हणत, “कोरडी गाठ आवळताना जळते.” रविवारी ते थर्मास घेऊन किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसत. शेजारी माझी लेक, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, वाळूत खुपसून, चिप्स खात. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी परत आले की बाबांनी कधी मासे किती मिळाले असं विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असे, “ओढ होती का?” ओढ जाणवली असली की त्यांच्या लेखी दिवस सार्थकी लागे.

जाताना त्यांनी पुष्कळ गऱ्या बांधून, पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात येतीलच, म्हणून मी त्या सढळ हाताने वापरल्या. ते आले नाहीत. पुण्यातच, झोपेत गेले. माझ्या मासेमारीच्या डब्यात त्यांची एकच गरी उरली होती. त्यानंतर मी माझ्या गऱ्या स्वतः बांधायला शिकले, पण त्या एका गरीला हात लावला नाही आणि कुणाला लावूही दिला नाही.

या उन्हाळ्यात लेकीने डबा उघडला. “आई, इट्स रस्टिंग. जस्ट यूज इट.”

मी तिच्यावर खेकसले. पण गंज चढत होता, हे खरंच होतं.

रविवारी मी ती गरी लावून समुद्रात गेले. बराच वेळ काहीच नाही. मग दोरीला ओढ जाणवली. हात सवयीने वर जाणार तेवढ्यात मी तो आवरला आणि गप्प बसले. रॉड हळूहळू वाकत गेला. मासा चांगला मोठा होता, आणि बाबांची गाठ जराही हलली नाही. पण तो खडकांखाली घुसला. नायलॉन कपारीला घासलं आणि तुटलं. मी त्या माशाला अस्सल मराठीत शिव्या दिल्या आणि मग कयाकमध्ये बसून रडले.

किनाऱ्यावर लेक उभी होती. कयाक वर ओढायला तिने हात दिला. तुटकी दोरी तिला दिसली.

“ओढ होती का?” तिने विचारलं. मराठीत.

“होती,” मी म्हणाले. “अजून आहे.”