गणित सोडलं

घराबाहेर पडण्याआधी आई रोज बाह्या दुमडायची. कोपराच्या वर, घट्ट, आणि वरून सेफ्टी पिन. मग मुलीकडे वळून तिच्याही. "अगं, मी शाळेत चाललेय, कारखान्यात नाही," असं भिंगरी कितीदा म्हणाली असेल. हे नावही आईनंच पाडलेलं. लहानपणी पोर एका जागी ठरत नसे. आई ऐकलंच नाही असं दाखवून पिन लावायची.

तसं तिला खरंच कमी ऐकू यायचं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तापलेले रोलर ओली चादर गिळायचे आणि पलीकडून कडक करून बाहेर टाकायचे. त्या घरघरीनं तिचे कान खाल्ले. एकदा तिथं शेजारी काम करणाऱ्या बाईची बाही चादरीबरोबर आत गेली. हात वाचला, दोन बोटं गेली. तेव्हापासून आईचा कुठल्याही बाहीवर विश्वास उरला नाही.

रोलर बिघडला की एक इंजिनिअर बाई यायच्या. "आत हात घालून गुणगुणतात गं!" आई घरी येऊन सांगायची. "आम्ही श्वास धरून उभ्या, आणि ह्यांचं गाणं चाललंय." भिंगरी इंजिनिअर होणार, हे आईच्या मनानं तिथेच पक्कं केलं.

शेवटच्या वर्षाचे विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गाच्या बाईंनी बजावलं, "गणित नसेल तर इंजिनिअरिंग कॉलेज दारातही उभं करणार नाही. विषय बदलायचे तर शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत बदला. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका."

फळ्यावर गणित दिसलं की भिंगरी मान खाली घालायची. बुधवारचं एक तर संध्याकाळभर अडून बसलं होतं, आणि आई कौतुकानं शेजारी बसून होती. गुरुवारी तिनं डोळे मिटून बाईंना सांगून टाकलं: गणिताऐवजी भूगोल.

ती घरी आली तेव्हा आई चहा गाळत होती.

"आई, गणित सोडलं." भिंगरी पुटपुटली.

आईनं तिच्या ओठांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "सोडवलं? कालचं? शाब्बास गं माझी भिंगरी!" लगेच तिनं भिंतीवर थाप मारली. "अहो काकू, सोडवलं हिनं!"

"मग आता आमचा मिक्सरही बघ म्हणावं," पलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या.

फरक एका 'व'चा, पण भिंगरीनं तो दुरुस्त केला नाही. रात्री तिनं अर्धं ताट तसंच ठेवलं. आईला वाटलं, पोर दमली.

सकाळी आई पिन लावत होती. भिंगरीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "सोडवलं नाही, आई. सोडलं. विषयच सोडला."

पिन टोचली. भिंगरी थपडेची वाट पाहत उभी राहिली.

"का?"

"भीती वाटते."

"गणिताची, का माझी?"

"दोघांची."

आई चपलांशेजारच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मला अजून रोलरची वाटते. रोज. चादर लावताना डोळे मिटावेसे वाटतात."

पिन म्हणजे आईचं खूळ, असंच भिंगरी इतकी वर्षं समजत होती.

"मग जातेस कशाला?"

"ते मला सांगता यायचं नाही." आई उठली. "सोडायचं तर सोड. पण मला ऐकू येईल असं सांगत जा."

त्या दिवशी शाळा सुटायच्या बेतात असताना भिंगरी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती.

"बाई, गणित परत घेते."

"नक्की? भूगोल झेपला असता तुला."

"हो. भीती वाटतेय. पण घेते."

संध्याकाळी आई दारात आली, तेव्हा भिंगरीनं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की काकूंनी भिंतीवर थाप मारली. या खेपेला आईला शब्द न् शब्द कळला. मग तिची नजर भिंगरीच्या कोपरावर गेली.

"बाही उतरलीय बघ. पिन कुठं टाकलीस?"