फळ्यावरची शेवटची ओळ

बेळगावातल्या गल्लीक्रिकेटच्या वेड्यांनो, आपला संघ यंदाही पहिल्याच सामन्यात गारद झाला. ते दुःख तुम्हा-मला सारखंच आहे.

हंगामाआधी गल्लीच्या फळ्यावर मी मोठ्या तोऱ्यात भाकितं लिहिली होती. करंडक आपलाच, नवा कप्तान गाजणार आणि शेवटी, 'दत्तू संपला, त्याला घेऊ नका.' तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि आपल्या जुन्या फलंदाजाला, दत्तूला, वगळलं.

आज सकाळी ओलं फडकं घेऊन ती पुसायला गेलो. दत्तूची बायको, सुमनवहिनी, दूध घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"पुसा की अण्णा. पन शेवटची ओळ ऱ्हाऊ द्या. तुमचं तेवढंच खरं झालंय. बॅट माळ्यावर टाकून बसल्यात हे. मैदानाच्या वाटंनंबी जाईत न्हाईत."

फळा तीनदा पुसला, तरी ती ओळ डोळ्यांपुढून हलत नाही. ती खरी झाली, कारण ती आपण सगळ्यांनी मिळून खरी केली.

आज संध्याकाळी सहाला दत्तूच्या दारात या आणि माझ्याबरोबर हाक मारा, "दत्तू, बॅट घेऊन भाईर ये रं!"