वरचा थांबा

कंडक्टरकाका एकोणीस वर्षं त्याच एका गावाच्या फेरीवर होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे दगड होत. घरी बायको म्हणे, "बसा आता," तर त्यांना बसायचाही कंटाळा येई.

गाव टेकडीवर. पूर्वीची जुनाट गाडी माणसं घेऊन ती चढण चढत नसे. म्हणून लोक पायथ्याशीच उतरत, पायथ्याशीच चढत, आणि रिकामी गाडी धापा टाकत वर जाऊन वळून येई. पुढे दणकट गाडी आली, पण सवय सुटली नाही. वरून बसणारी एकटी मावशी. गावातली जुनी शिवणकाम करणारी बाई. पायाला न भरणारी जखम, आणि बुधवारी-शनिवारी शहरातल्या दवाखान्यात ड्रेसिंग.

एके दिवशी आगारातल्या साहेबांनी काकांपुढे कागद सरकवला. गावची लोकसंख्या चारशे बारावरून एकशे अठ्ठ्याऐंशीवर आलेली. वरच्या थांब्यावरून तीन महिन्यांत चढलेले प्रवासी सव्वीस.

"सव्वीस माणसं नाहीत ती साहेब. एकच मावशी आहे, सव्वीस वेळा."

"मग तर आणखीच कठीण. पायथ्याशी रस्ता रुंद झालाय, गाडी तिथूनच वळवता येईल. आठवडाभर मोजू. वरून रोज पंधरा चढले तर फेरी राहील."

काकांनी कागद पुन्हा एकदा वाचला. पायथ्याची तिकिटं त्यांनीच दिली होती, इतकी वर्षं, एकदाही कुणाला न टोकता. कागदाच्या लेखी वरच्या गावात कुणी राहतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकाला सांगत सुटले, "उद्यापासून वरूनच बसा रे बाबांनो."

"काका, आमचे पाय अजून शाबूत आहेत," गिरणीवाला हसला.

"तुझे आहेत रे. मावशीचे नाहीत."

त्यावर गाडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मात्र मोजणीच्या पहिल्या सकाळी काका वर पोचले, तर थांब्यावर तिघंच. बाकीची मंडळी डोळे चोळत नेहमीच्या वाटेने पायथ्याशी जाऊन उभी राहिली होती. गाडी खाली आल्यावर काकांना पाहताच गिरणीवाल्याने जीभ चावली.

"पायच घेऊन आले हो काका, डोकं घरीच राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून सगळे वर आले. सगळे म्हणजे किती, तर तेरा. एक दिवस बारा. रोज शहरात जाणारी माणसं गावात तेवढीच उरली होती. बाकीच्या घरांना कुलपं, नाहीतर आत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं.

"दोन वाढवून टाक की," ड्रायव्हर म्हणाला.

"मशीन मोजतंय बाबा. आणि माणसं आणू कुठून?"

निकाल आला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी बुधवारची फेरी वरपर्यंत ठेवली. बाकी सहा दिवस गाडी पायथ्याशी वळणार. गावातल्या इतरांचं काहीच बदललं नाही. ते आधीही चालतच होते.

पहिल्या शनिवारी गाडी पायथ्याशी थांबली, तेव्हा मावशी तिथे दगडावर बसलेली होती. पदराने मानेवरचा घाम टिपत होती. पायाची पट्टी धुळीने माखली होती.

काका खाली उतरले. "कधी निघालीस ग मावशी?"

"फटफटायच्या आधी. बसत बसत आले."

"अग, बुधवारी जमतंय तेवढं जा. डॉक्टरला सांगू."

"विचारलं होतं. तो म्हणतो दोनदा, नाहीतर पाय जाईल." मावशीने हात पुढे केला. "टेकडी उतरायचं काही नाही रे. चढायचं संध्याकाळी बघू."

काकांनी तिला दंडाला धरून उठवलं. मागून गिरणीवाल्याने तिची पिशवी घेतली. पायऱ्या दोनच, पण त्या चढायला बराच वेळ लागला. ड्रायव्हरने गाडी बंद करून ठेवली आणि रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.

मावशी खिडकीशी टेकली. काकांनी मशीनवर पायथ्याचा थांबा दाबला आणि तिकीट तिच्या हातात दिलं.