हिरामणदादांचा न आलेला राऊटर

सानपाडा गावात मी हिरामणदादांच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. बँकेतून निवृत्त झालेली एकटी बाई, स्वभावाने तिखट, घरमालकाची भीडभाड फारशी ठेवत नाही. पण हिरामणदादांवर मला धड रागावता येत नाही आणि त्याचाच मला राग येतो. माणूस मनाचा मोठा. पाण्याचा पंप बिघडला तर टँकर आधी भाडेकरूंसाठी मागवणार. मी मासे खात नाही हे कळल्यापासून गोजराताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्यासाठी तांदळाच्या भाकरीबरोबर वालाची भाजी वर पाठवते, तीही दादांनीच आठवण करून दिल्यावर.

खोट एकच. जी वस्तू अजून जगात आलेली नाही, ती त्यांना आलेल्या वस्तूपेक्षा खरी वाटते.

ह्याला घराण्याचा इतिहास कारणीभूत आहे. सरकारने शेतजमिनीच्या बदल्यात दिलेला प्लॉट त्यांच्या चुलत्याने पहिल्याच गिऱ्हाइकाला विकून टाकला, मोटारसायकल घेतली, मुलाच्या हळदीला अख्खा गाव जेवू घातला आणि पुढच्याच वर्षी भाव कुठल्या कुठे गेले. दादांचे वडील मात्र "थांबा" म्हणत ओट्यावर बसून राहिले. त्या बसण्यावर ही चांगली तीन मजली बिल्डिंग उभी राहिली. मग दादांनी स्वतः उलव्याला एक फ्लॅट घेतला आणि कुलूप घालून ठेवला. भाड्याने द्यायचा नाही, विकायचा नाही, राहायचंही नाही. विमानतळ येऊ दे, मग बघू. गाव वर्षानुवर्षं त्यांची टिंगल करत होतं. शेवटी खरोखरच विमानं उडायला लागली तेव्हा दादांनी गच्चीवर उभं राहून पेढे वाटले, जशी काही धावपट्टी त्यांनी स्वतः सारवली होती.

तेव्हापासून त्यांचा पक्का समज झाला की घाई करतो तो फसतो. जमिनीच्या बाबतीत असेलही तसं. पण हाच नियम त्यांनी वायफायच्या डब्याला लावला.

झालं असं की संक्रांतीच्या सुमारास दादांच्या मोबाइलवर कुठल्याशा परदेशी कंपनीच्या नव्या राऊटरचा फोटो आला. कंपनीने काहीच जाहीर केलेलं नव्हतं. फोटो इतका धूसर होता की तो राऊटर आहे की उलटा ठेवलेला डबा, हेही मला कळेना. दादांना मात्र सगळं कळलं.

"मॅडम, बगा. याला आन्टेना नाय."

"दिसत नाहीत म्हणजे नाहीतच कशावरून?"

"आत हायेत ना! बाहेर आन्टेना असतो तो जुना माल. हा आतून फेकनार. तीन भिंती आरपार."

त्या दिवसापासून संध्याकाळी ओट्यावर दुसरा विषय निघेना. त्यांचे मित्र हसनभाई दुबईत बरीच वर्षं काढून आलेले, मूळचे उरणकडचे. त्यांना वाटायचं की जगातली कुठलीही नवी वस्तू आधी दुबईत उतरते, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. हसनभाई म्हणाले, त्यात बॅटरी असणार, लाइट गेली तरी चालणार. दादा म्हणाले, नुसती चालणार नाही, एक अख्खा दिवस चालणार. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन दिवस झाले. मग तो राऊटर घरातली माणसं ओळखू लागला. कोण कुठल्या खोलीत आहे ते बघून तिकडे जास्त जोर लावू लागला. आठवडाभरात तर तो शेजाऱ्यांचा चोरटा वापर पकडून त्यांची नावंही सांगू लागला. वस्तू अजून कारखान्यातून बाहेर पडली नव्हती, पण आमच्या ओट्यावर तिची दोन-तीन मॉडेलं येऊन गेली होती.

एका हळदीत मी ह्याचा कळस पाहिला. मांडवात डीजे छाती फोडत होता, पोरं नाचत होती आणि एका कोपऱ्यात दादा नवरदेवाच्या मामाच्या कानात ओरडून सांगत होते, "सहा आन्टेना! आतून!" मामाने मान डोलावली. त्याला बहुतेक वाटलं असावं, जेवणाबद्दल चाललंय.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण वर तिसऱ्या मजल्यावर सुचिता होती.

सुचिता ही दादांची सून, केतनची बायको. ह्या घरातली नोकरी करणारी पहिली बाई. लग्नानंतर एम.कॉम. पूर्ण केलं, पोरगी झाली, ती जरा मोठी झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम तिने घरून करायला घेतलं. रोज सकाळी साहेबांबरोबर व्हिडिओ मीटिंग, मग दिवसभर कंपनीच्या सिस्टीमवर काम. घरातला जुना राऊटर पहिल्या मजल्यावर दादांच्या टीव्हीशेजारी. वर दोन स्लॅब आणि जुन्या पद्धतीच्या जाडजूड भिंती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या वायफायला धाप लागायची. सुचिता बिचारी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायची, तरी बोलता बोलता लाइन तुटायची. कंपनीने तिला बजावलं होतं की लाइन सुधारा, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. पुण्याला जायचं म्हणजे नोकरी सोडायची, दुसरा अर्थ नव्हता.

मी दादांना सरळ सांगितलं, "वर तिच्यासाठी वेगळं कनेक्शन घ्या. एका दिवसात माणूस येऊन लावून जाईल."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना उलव्याचा फ्लॅट कवडीमोलाने विकायला सांगत होते.

"मॅडम, आज घेतला आनि महिन्यात नवा आला तर? हा काय भंगारात घालायचा? थांबा जरा. सगळ्या बिल्डिंगला एकच पुरनार हाय."

केतन तुर्भ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. तिथे दहा ड्रायव्हरांना दम देतो, घरात बापापुढे शब्द फुटत नाही. त्याने एकदा धीर करून "आपन साधा घेऊ ना बाबा" म्हटलं. दादांनी त्याला ओट्यावर बसवून चुलत्याच्या मोटारसायकलची गोष्ट सांगितली. ती त्याने जन्मल्यापासून ऐकलेली होती. तो वर निघून गेला.

मग मीच सुचिताला म्हटलं, माझ्याकडे येऊन बस. माझ्याकडे साधं कनेक्शन आहे, नेटवाल्या कंपनीने फुकट दिलेला डबा, त्याच्यावर मी मनीप्लांटची बाटली ठेवते. दोन खोल्यांना पुरून उरतो. सुचिता रोज नऊ वाजता पोरीला सासूकडे सोडून माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसू लागली. कामात असली की तिचा आवाज बदलायचा, पाठ ताठ व्हायची. मला माझे काउंटरवरचे दिवस आठवायचे. खोटं कशाला बोलू, मला तिची सोबत आवडायला लागली होती.

हे महिनाभर सुरळीत चाललं. मग एके सकाळी दादा गळका नळ बघायला आले आणि दारातच थांबले. सून कानाला हेडफोन लावून भाडेकरणीच्या टेबलावर बसली होती. त्यांनी नळ पाहिलाच नाही. जिना उतरून निघून गेले.

दुपारी त्यांनी तिला बोलावून घेतलं. खिडकीला खिडकी लागलेल्या ह्या गावात ऐकू न येणं अवघड, आणि मी प्रयत्नही केला नाही.

"मालकाची सून भाडेकरूच्या घरान बसते. लोक काय बोलतील?"

"बाबा, मला लाइन पाहिजे. दुसरं काही नको. वरती येत नाही."

"येनार गो! पाडव्याला तो येतंय. त्याच्यान तुझ्यासाठी वेगळं चॅनल असनार, हसनभाई बोलला. कामाचं वेगळं, टीव्हीचं वेगळं. बॅटरी तर इतकी असनार की..."

"तोपर्यंत काय करू?"

"थांब जरा."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली नाही. जिन्यात बसली. नेमकी त्या दिवशी साहेबांबरोबर वर्षअखेरच्या हिशेबाची मीटिंग होती. तिचं बोलणं तीन वेळा तुटलेलं मी माझ्या दारातून ऐकलं. चौथ्यांदा तिने जोडलंच नाही. लॅपटॉप मिटून ती पायरीवर नुसती बसून राहिली. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाली, "शेवटची संधी दिलीय मॅडम. सोमवारपर्यंत."

त्या संध्याकाळी ती सासूकडे गेली आणि उलव्याच्या फ्लॅटची किल्ली मागितली. गोजराताईने किल्ली देव्हाऱ्याच्या खणातून काढून दिली. एकही प्रश्न विचारला नाही. नंतर मला म्हणाली, "मी पन लय थांबलंय मॅडम. पोरीला कशाला थांबवू?"

रविवारी टेम्पो आला. केतन बापाला म्हणाला, "थोडे दिवसच. नवीन आला की येतो." ही वाक्यरचना दादांच्याच शाळेतली होती. नात टेम्पोत पुढे बसून हात हलवत गेली. दादांनी मला सांगितलं, "बरंच झालं. बंद घराला हवा लागते."

पाडव्याच्या आसपास कंपनीने खरंच तो राऊटर जगापुढे आणला. समारंभ मोबाइलवर दाखवणार होते. दादांनी ओट्यावरच्या सगळ्यांना खाली हॉलमध्ये जमवलं, पण ऐन वेळी त्यांच्या जुन्या राऊटरपायी पडद्यावर नुसतं चक्र गोल गोल फिरू लागलं. शेवटी सगळे चपला काढून माझ्याकडे आले आणि मनीप्लांटच्या बाटलीखालच्या डब्यावर त्यांनी त्या नव्या राऊटरचं दर्शन घेतलं. मी चहा केला. हसावं की रडावं मला कळत नव्हतं.

राऊटरला अँटेना होते. चांगले ठळक, चारी बाजूंना, उताणा पडलेला खेकडा जसा. बॅटरी नव्हती. तो माणसं ओळखत नव्हता, चोर पकडत नव्हता. हसनभाई घसा खाकरून म्हणाले, "हे पहिलं मॉडेल आहे. असली माल मागून येतो." बाकीच्यांनी माना हलवल्या.  दादा पडद्याजवळ जाऊन एवढंच विचारत होते की इंडियात कधी.

मे महिन्यात तो इंडियात आला आणि दादांनी आल्या आल्या घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घाई केली. मला वाटतं, एव्हाना घर त्यांना खायला उठत होतं. गोजराताई दर एक-दोन दिवसांनी डबा घेऊन उलव्याला जायची, दादा मात्र गेले नव्हते. पोरं परत येणारच आहेत तर जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

राऊटर चांगला निघाला, हे मान्य करायला हवं. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, सगळीकडे पूर्ण रेंज. दादा मोबाइल हातात धरून बिल्डिंगभर फिरले आणि प्रत्येक भाडेकरूला पासवर्ड वाटत सुटले. "वापरा, वापरा. आपल्याच घरचा हाय." मग मला म्हणाले, "चला मॅडम, वरती दाखवतो."

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कुलूप उघडलं. खोलीत पलंग होता, गादी गुंडाळलेली. भिंतीवर नातीने खडूने काढलेली माणसं होती. दादांनी खोलीच्या मधोमध उभं राहून मोबाइल माझ्यापुढे धरला. सगळ्या काड्या भरलेल्या. मग त्यांनी तिथूनच सुचिताला व्हिडिओ कॉल लावला. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. मी दाराशीच थांबले.

सुचिता लगेच दिसली. मागे खिडकी, कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप.

"बग गो, कुठून बोलतंय ते! तुझ्या खोलीतून! काय दिसतं का नाय साफ?"

"दिसतंय बाबा. मस्त दिसतंय."

"मंग या आता. केतनला सांग टेम्पो बोलवायला. रविवारी मी पोरांना घेऊन येतंय सामान उचलायला."

"बाबा, पिल्लूला इथल्या शाळेत घातलंय. जूनपासून जायला लागेल. मला पण इथं काम वाढवून दिलंय. आता नाही जमणार."

 दादांनी हळूच विचारलं, "तिकडं कंचा लावलाय?"

"साधाच. कनेक्शन घेतलं तेव्हा त्या माणसाने लावून दिला."

"पोचतंय?"

"पोचतो ना. दोनच खोल्या आहेत."

"मंग मला तवा नीट सांगायचं ना गो, साधा पन चालंल म्हनून. मी काय नाय बोललो असतो?"

"सांगितलं होतं बाबा," सुचिता म्हणाली. आवाजात राग नव्हता, दुखल्याची खूणही नव्हती. "तुम्ही तेव्हा बॅटरी किती असेल ते सांगत होता."

दादांनी मोबाइल कानापाशी नेला, पुन्हा तोंडासमोर धरला.

"आवाज तुटतंय गो," ते म्हणाले. "मंग करतंय फोन."

आणि त्यांनी फोन ठेवला. मी दाराशी उभी होते. एकही शब्द तुटला नव्हता.